उपासनेचे सात दिवस

वडोदऱ्याच्या एका भगिनींचे पत्र गेल्या महिन्यात आमच्या हाती आले. त्यांच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब नुकतेच राहावयास आले आहे. माणसे सालस, मुले नीटनेटकी. पत्राच्या अखेरीस त्या लिहितात, "या लोकांचे एक बरे आहे. रविवारी तासभर चर्चमध्ये जाऊन आले की आठवड्याचा देव संपला. आमचे सोवळेओवळे, चातुर्मास, व्रते, नैवेद्य हे बारा महिने चाललेलेच. यांचा धर्म सुटसुटीत, यावर आपण काही लिहाल काय?"

पत्रातील विनोद आम्हांस आवडला; पण त्यातील समजूत बरोबर नाही. आणि ती त्या भगिनींपुरतीच असती तर आम्ही खाजगी उत्तर धाडून मोकळे झालो असतो. आमचे सारे आयुष्य गोव्यात गेले. चर्चच्या घंटेवर घड्याळ लावणाऱ्या गावात आम्ही लहानाचे मोठे झालो, आणि सरकारी शाळेत ज्यांच्या शेजारी बसून आम्ही तीस वर्षे उत्तरपत्रिका तपासल्या त्यांतील निम्मे सहकारी ख्रिस्ती होते. तरीही 'त्यांचा रविवारचा धर्म' ही भाषा आमच्याही घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडी आम्ही ऐकलेली आहे. तेव्हा या खेपेस त्याच विषयावर चार शब्द.

मराठी प्रॉटेस्टंट मंडळी रविवारच्या प्रार्थनेला 'उपासना' म्हणतात. त्यांच्या गीतसंग्रहाचे नावही 'उपासना संगीत' असेच आहे. शब्द आपलाच. उप म्हणजे जवळ आणि आस् म्हणजे बसणे. देवाच्या जवळ बसणे ती उपासना. पण ज्या भाषांतून हा धर्म आला त्या भाषांतील शब्द पाहिले तर तेथे बसण्याचा नव्हे, उठून कामाला लागण्याचा अर्थ दिसतो. हिब्रू भाषेत 'अवोदा' असा एक शब्द आहे. शेतातील कष्ट, धन्याची चाकरी आणि मंदिरातील पूजा या तिन्हींना तो एकच शब्द लागतो. ग्रीक भाषेतील 'लैतुर्गिया' हा शब्द तर मूळचा देवळातला नव्हेच. नगरातील एखाद्या सधन नागरिकाने लोकांसाठी पदरमोड करून केलेले सार्वजनिक काम, असा त्याचा अर्थ. चर्चमधील विधीला युरोपीय भाषांत आजही याच शब्दापासून आलेले नाव आहे. ज्यांच्या पूजेचे नावच 'लोकांसाठी केलेले काम' असे आहे, त्यांची पूजा तासाभरात कशी आटोपावी?

बायबलातील संदेष्टे या बाबतीत फार कडक. आमोस हा मूळचा मेंढपाळ. ख्रिस्तापूर्वी आठव्या शतकात तो इस्राएलच्या राजदेवळाशी जाऊन उभा राहिला, आणि तुमचे सण, तुमची यज्ञबली, तुमची भजने देवाला नकोशी झाली आहेत असे त्याने सुनावले. का, तर बाजारात तुमचे तराजू खोटे आहेत आणि न्यायालयात गरिबाला दाद लागत नाही. येशूने हीच गोष्ट घरगुती करून सांगितली. वेदीवर अर्पण ठेवता ठेवता भावाशी वितुष्ट असल्याचे आठवले, तर अर्पण तेथेच टाकावे, आधी जाऊन समेट करावा, मग पूजेला परतावे. पुजाऱ्याला न परवडणारा असा हा उपदेश! देवाला ताटकळत ठेवून भावाकडे जाण्यास सांगणारी पूजा म्हणजे काय हे ज्याने त्याने मनाशी ताडून पाहावे. पौलाने रोममधील मंडळीला धाडलेल्या पत्रात आपली शरीरेच जिवंत यज्ञ म्हणून देवाला वाहण्यास सांगितले आहे. स्वतः तो राहुट्या शिवून पोट भरी.

आता रविवारच्या त्या तासाकडे येऊ. कॅथलिकांच्या मिस्सेत मध्यभागी काय असते? भाकर आणि द्राक्षारस. आम्हांस यात एक गोष्ट नेहमी लक्षणीय वाटत आली आहे. तेथे गव्हाची ओंबी वाहत नाहीत, द्राक्षांचा घोसही वाहत नाहीत. भाकर व्हावयाची तर कोणीतरी नांगरले पाहिजे, दळले पाहिजे, मळले पाहिजे, भट्टीपुढे घाम गाळला पाहिजे. द्राक्षारसाचेही तसेच. म्हणजे वेदीवर निसर्ग एकटा येत नाही, त्याच्याबरोबर आठवडाभराचे कष्टही येतात. आपल्या नैवेद्याच्या पानातही हेच आहे. पुरण वाटणारीचा खांदा त्यात असतो, फक्त आपण ते बोलून दाखवीत नाही.

हा विचार ज्यांनी जगून दाखविला त्यांत बेनेडिक्ट या इटालियन साधूचे नाव पहिले घ्यावे लागेल. सहाव्या शतकात माँते कासीनो येथे मठ स्थापून त्याने मठवासीयांसाठी एक नियमावली लिहिली. तिची त्र्याहत्तर प्रकरणे आहेत. आम्ही ती भाषांतरातून वाचली तेव्हा ब्रह्मचर्चा अपेक्षित होती, पण हाती लागला तो मोठ्या एकत्र कुटुंबाच्या कारभाऱ्याचा दप्तरखानाच. कोणी किती वाजता उठावे, किती भाकर खावी, आजाऱ्याला काय द्यावे, पाहुण्याला कसे घ्यावे. दिवसातून सात वेळा आणि रात्री एकदा सामुदायिक प्रार्थना, आणि मधल्या वेळात शेत, स्वयंपाक, वाचन. कोठीच्या भांडारीला त्यात एक आज्ञा आहे, ती आम्हांस सर्वांत अधिक भावते: मठातील सारी हत्यारे-अवजारे, भांडीकुंडी त्याने वेदीवरील पवित्र पात्रांसारखी मानावी. विळा आणि कुदळही पूजेचे उपकरण! स्वयंपाकाची पाळी आठवड्याने बदलावयाची. जुन्या पाळीवाल्याने शनिवारी फडकी धुऊन, भांडी लख्ख करून परत करावयाची, आणि रविवारी प्रार्थनामंदिरात जुन्या व नव्या पाळीवाल्यांनी सर्वांचे आशीर्वाद घ्यावयाचे. ज्या घरात सुनांमध्ये स्वयंपाकाच्या पाळीवरून धुसफूस चालते, तेथे हे प्रकरण अवश्य वाचून दाखवावे. (आमच्या घरात वाचून दाखविण्याचे धाडस आम्ही केलेले नाही.)

सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेली मठात लॉरेन्स नावाचा एक साधा बंधू होता. आधी सैनिक, जखमी होऊन परतलेला. मठाच्या मुदपाकखान्यात त्याने अनेक वर्षे काढली, आणि गंमत अशी की त्याला स्वयंपाकाची मनापासून नावड होती. प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ यांत आपल्याला फरक वाटत नाही, असे तो सांगे. त्याची संभाषणे व पत्रे त्याच्या मागे कोणी छापली म्हणून आपल्याला ठाऊक. सावता माळ्याचा मळा आणि जनाबाईचे जाते ज्यांच्या ओळखीचे आहे त्या वाचकांना याहून अधिक सांगण्याची आवश्यकता नाही.

पण मठ म्हणजे संसार नव्हे, हा आक्षेप कोणी घेईल. म्हणून आम्ही वाचकांना आमच्या गोव्यातील एखाद्या जुन्या ख्रिस्ती घरात घेऊन जातो.

सकाळी, दुपारी आणि तिन्हीसांजेला चर्चची घंटा होते. तिला आंजेलूस म्हणतात. पूर्वी ही घंटा कानी पडली की शेतातला माणूस होता तेथे थांबे, डोक्यावरील टोपी उतरवी, क्षणभर पुटपुटे आणि पुन्हा कामाला लागे. आता रस्त्यांवर वाहनांचा गोंगाट इतका की घंटा ऐकू आली तर आली. तथापि संध्याकाळचा 'तेर्स', म्हणजे जपमाळेची प्रार्थना, अनेक घरांतून अजून टिकून आहे. दिवाणखान्यातील आल्तारापुढे, म्हणजे त्यांच्या देव्हाऱ्यापुढे, सारे घर गुडघे टेकते. प्रार्थना संपली की मुले वडीलधाऱ्यांकडे जाऊन 'बेसांव' मागतात. बेसांव म्हणजे आशीर्वाद. शब्द पोर्तुगीज वळणाचा, पण कृती आपल्या 'शुभंकरोति'नंतरच्या नमस्काराची सख्खी बहीण. घरातील दोन माणसांचा अबोला असला तरी तेर्साला दोघेही एकाच चटईवर येतात, आणि लहान मूल मात्र दोघांकडेही बेसांव मागून अबोल्याचे गुपित फोडते. आम्ही हे शेजारच्या घरात डोळ्यांनी पाहिले आहे.

बोलण्याकडे लक्ष दिले तरी हेच दिसते. आभार मानावयाचे असतील तर गोव्यातील ख्रिस्ती माणूस 'देव बरें करूं' म्हणतो. सकाळी भेटला तर 'देव बरो दीस दिवं', रात्री निरोप घेताना 'देव बरी रात दिवं'. म्हणजे आभार मानताना तो स्वतःला बाजूला ठेवतो. तुझे ऋण मी काय फेडणार, देवच तुझे भले करो, असा त्याचा आशय. मासळीबाजारात दोन रुपयांची सूट मिळाली तरी देवाला मध्ये साक्षीदार म्हणून बोलावणारी ही भाषा सुटसुटीत धर्माची खचितच नव्हे.

मे महिन्यात वाड्यावाड्यांवरील क्रुसापुढे 'लादाईन' होते. मेरीमातेची व संतांची नावे घेत गायिलेली ही स्तुतिमाला. व्हायोलिनवर कोणी साथ करतो, जुने जाणते लोक लॅटिनमधून गातात, अर्थ न समजताही पोरे सुरात सूर मिळवितात. नंतर उकडलेले चणे वाटतात, आणि मोठ्यांसाठी थोडी फेणी असते. येथे आमच्या काही शाकाहारी व मद्यवर्ज्य वाचकांच्या भुवया वर जातील, याची आम्हांस कल्पना आहे. असो. वाड्यावरचे भांडण मिटविण्यासाठी लादाईन ठरविल्याचेही आम्हांस ठाऊक आहे.

ऑगस्टमध्ये कणसांचे फेस्त येते. सासष्टीतील राय गावी ते ५ ऑगस्टला असते, इतर गावांच्या तारखा निरनिराळ्या. पाद्री मिरवणुकीने शेतात जातात, विळ्याने नवी कणसे कापतात, त्यांना आशीर्वाद देतात, आणि ती कणसे घरोघरच्या आल्ताराला बांधली जातात. आमच्या घरात चवथीच्या दिवसांत नव्याची कणसे येतात तेव्हा शेजारच्या आल्तारावरची कणसे वाळून पिवळी पडलेली असतात. शेत एकच, पाऊस एकच, बांधही बहुधा सामाईक.

वर्षाचे चक्रही असेच. नाताळाआधी चार आठवडे वाट पाहण्याचा काळ, आणि ईस्टरआधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ. या उपवासकाळात जुन्या रीतीची घरे लग्न ठरवीत नाहीत, गाणेबजावणे बंद असते. त्यांच्या एका प्रथेचा आम्ही नेहमी विचार करतो. झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये आशीर्वादिलेल्या झावळ्या लोक घरी नेऊन वर्षभर जपतात. पुढच्या वर्षी त्याच वाळलेल्या झावळ्या जाळतात, आणि ती राख राखेच्या बुधवारी कपाळाला लावतात. काल जयजयकाराला हातात धरलेली वस्तू आज मृत्यूची आठवण म्हणून कपाळी! आपल्या विभूतीशी तिचे नाते सांगण्याची गरज नाही.

आमच्या शाळेत हिंदी शिकविणारे एक कॅथलिक शिक्षक होते. दर वर्षी उपवासकाळ सुरू झाला की ते मधल्या सुटीतील चहा सोडीत. आम्हांस वाटे, पथ्य असेल. एकदा शिक्षकखोलीतील कपाट आवरताना एक बिस्किटांचा डबा सापडला, आत नाणी आणि दहाच्या नोटा. चहाचे वाचलेले पैसे ते त्यात टाकीत आणि ईस्टरच्या आधी कोणा एका मुलाचे परीक्षाशुल्क त्यातून भरीत. मुलगा कोणत्या जातीधर्माचा हे त्यांनी कधी पाहिले नाही, आणि मुलाला कधी कळू दिले नाही. उपवास म्हणजे आपल्या पानातले काढून दुसऱ्याच्या पानात वाढणे, नुसते काढणे नव्हे, एवढेच ते एकदा बोलले. या शिक्षकांकडे आम्ही पुढे पुन्हा येणार आहोत.

सारे जीवनच उपासना, ही कल्पना अशी गोड वाटते. पण तिची एक काळी बाजू गोव्याच्या भूमीने भोगली आहे, आणि ती न सांगता पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. धर्म जर स्वयंपाकघरापर्यंत पोहोचतो, तर धर्मसत्तेचा हातही तेथवर पोहोचू शकतो. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन सुरू झाले आणि मधला अल्पकाळ सोडता १८१२ पर्यंत चालले. त्याचा इतिहास मराठी वाचकांपुढे मांडण्यात अ. का. प्रियोळकरांचा वाटा फार मोठा. १७३६ साली या धर्मन्यायालयाने काढलेला एक हुकूम वाचावा. नवख्रिस्तींनी अंगणात तुळस ठेवू नये, लग्नात जुनी गाणी म्हणू नयेत, पुरुषांनी धोतर नेसू नये, स्त्रियांनी चोळी घालू नये. एवढ्यावर भागले नाही. भात शिजविताना त्यात आधीच मीठ घालावे. हिंदूंप्रमाणे अळणी शिजवून मागाहून मीठ घेऊ नये! भाताच्या मिठात धर्म शोधणारे ते न्यायाधीश मूर्ख नव्हते. धर्म पोथीत कमी आणि चुलीपाशी अधिक असतो हे त्यांनी अचूक ओळखले होते. बेनेडिक्टाने भांड्यात देव पाहिला, यांनी भांड्यात गुन्हा पाहिला. दृष्टी एकाच ठिकाणी खिळलेली, परिणाम मात्र उलटे. १६८४ साली तर लोकांची बोलीच तीन वर्षांत सोडवून पोर्तुगीज बोलावयास लावण्याचे फर्मान निघाले. ते पुरते फसले, म्हणूनच 'देव बरें करूं' आज आपल्याला ऐकू येते.

याच अंधारात एक वेगळा माणूस होऊन गेला. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला आणि जवळजवळ चाळीस वर्षे बहुतेक सासष्टीत राहिला. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची तक्रार होती की आमची जुनी पुराणे गेली, आता संध्याकाळी वाचावे काय? पूजा बदलली, पण दिवसाचा एक कोपरा रिता राहिला. तो कोपरा भरण्यासाठी स्टीफन्सने सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' मराठीत रचले. ते १६१६ साली राचोल येथे छापले गेले, आणि देवनागरी टंक नसल्याने रोमन लिपीत. परक्या देशातील या माणसाला जे उमगले ते सत्ताधाऱ्यांना उमगले नाही.

मराठी मातीत हा विचार पुन्हा उगवला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. बाके, ऑर्गन आणि भाषांतरित इंग्रजी पदे यांनी भरलेल्या उपासनेत त्यांनी भजन आणले, कीर्तन आणले, टाळ आणले. पण एवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही. संस्थेचे पगारी ख्रिस्तित्व त्यांना पुरेनासे झाले होते. दोनच वर्षांनी, १९१९ साली ते वारले, आणि दरबार त्यांच्यामागे फार काळ तगला नाही.

लक्ष्मीबाईंची गोष्ट आम्हांस याहून महत्त्वाची वाटते. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत त्यांना ठाऊक असेल की त्या विलक्षण कडक सोवळ्याच्या घरात वाढल्या. नवरा ख्रिस्ती झाल्यावर कित्येक वर्षे त्या त्याच्यापासून वेगळ्या, आणि एकत्र आल्यावरही चूल आणि पाणी निराळे. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण शिवाशीव त्यांच्या मनातून सुटली ती त्याआधीच. आधी पाण्याच्या घोटात धर्मांतर, मग डोक्यावर पाणी! हा क्रम आमोसाला पसंत पडला असता. पुढे अनाथ पोरे, रोगाच्या साथीतील आजारी, पाहुणे, यांनी त्यांचे घर कायम भरलेले असे, आणि हातात पैसा ठरेना. त्यांच्या लेखनात धर्मचर्चा फार थोडी आणि रांधणे, वाढणे, निस्तरणेच अधिक आहे.

पंडिता रमाबाईंचे केडगाव म्हणजे तर बेनेडिक्टाचा मठच, फक्त तो दुष्काळात सापडलेल्या मुलींचा. १८९६ सालच्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन रमाबाईंनी मुली गोळा करून आणल्या, १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणल्या. 'मुक्ति'मध्ये एका वेळी दोन हजारांच्या आसपास माणसे राहू लागली. प्रार्थना होतीच; पण विहिरी खणणे, शेती, गाईगुरे, विणकाम, आंधळ्या मुलींना बोटांनी वाचावयास शिकविणे हेही त्याच दिवसात. छापखाना मुली चालवीत. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि खेड्यातील साध्या बाईला समजेल अशा मराठीत सगळे बायबल त्यांनी एकहाती उतरविले. त्या बायबलाचे खिळे जुळविणारे हात दुष्काळातून वाचलेल्या मुलींचे होते. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई वारल्या तेव्हा भाषांतर नुकतेच पुरे झाले होते, आणि ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. पुस्तक वाचणे ही उपासना असेल, तर शाईने माखलेले ते हात कोणत्या खात्यात मांडावे? एकेका विषयावर पुण्यात रमाबाईंशी वाद घालणारे विद्वान पुष्कळ होते, आणि मुलींच्या धर्मांतरावरील त्यांचे आक्षेप सारेच गैर होते असे आम्ही म्हणणार नाही. पण विहीर खणावयास त्यांतील कोणी केडगावी गेल्याचे ऐकिवात नाही.

अलीकडचे उदाहरण वसईचे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुवार्ता' मासिक चालविले, बायबल सुबोध मराठीत आणले, हे वाचकांना माहीत आहेच. पण वसईची शेती, विहिरी आणि हिरवाई बिल्डरांच्या घशात जाऊ लागली तेव्हा 'हरित वसई'चे आंदोलन घेऊन ते रस्त्यावर उतरले. धर्मगुरूने पाण्याच्या पातळीवर बोलू नये असे म्हणणारे तेव्हाही होते. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. जुलै २०२४ मध्ये ते गेले.

आता त्या हिंदीच्या शिक्षकांकडे. गोव्यातील चर्चमध्ये 'कोंफ्रारी' नावाची बंधुमंडळे असतात. फेस्ताच्या मिरवणुकीत त्यांचे सभासद लाल वा निळ्या रंगाचे ओपा नावाचे झगे घालून पालखीच्या मानाने चालतात. काही गावांतून ही मंडळे जातीनुसार वाटली गेली आहेत, कारण देव बदलला तरी जात बदलली नाही. आमच्या या मित्रांच्या गावी त्यांच्या वाड्याला ओपा घालण्याचा मान नव्हता. आम्हांस हे ठाऊक नव्हते. निवृत्तीच्या दिवशी चहा घेताना ते बोलून गेले. मिस्सेत एक क्षण असा येतो की शेजाऱ्याला हात जोडून शांती चिंतावयाची. ते म्हणाले, "सर, बरोबर त्या क्षणी माझ्याकडे वळून हसणारा माणूस मिरवणुकीच्या वेळी मला ओळखत नाही. मी विचार करतो, मग ती शांती कोणाला दिली त्याने?"

आम्ही विचारले, मग तुम्ही जाता कशाला? आमच्या प्रश्नात थोडा हिंदू फुशारकीचा अंश होता, हे त्यांच्या लक्षात आले असावे. ते शांतपणे म्हणाले, "तुमच्या देवळाच्या गाभाऱ्यात कोण कोण जातो, हे मी तुम्हांला कधी विचारले नाही." मग थोडे थांबून म्हणाले, "घर माझे आहे, सर. ज्यांनी दार अडविले ते घराचे मालक नव्हेत."

त्यानंतर त्यांनी गावात अर्ज लिहिला. एकट्याने नव्हे, वाड्यावरील सत्तावीस घरांच्या सह्या घेतल्या, आणि उलट बाजूच्या वाड्यावरील चार घरांच्याही. त्या चारांपैकी एका घरात सही करण्यावरून बापलेकांत भांडण झाले. पाद्रींनी दोन्ही वाड्यांची बैठक बोलाविली. पहिल्या बैठकीत आवाज चढले, दुसरीत जुन्या वह्या काढल्या गेल्या, तिसरीची तारीख उपवासकाळात पडली म्हणून काहींनी ती पुढे ढकलावी असे सुचविले. आमच्या मित्रांनी आग्रह धरला की उपवासकाळातच ती व्हावी. तशी ती झाली. तीत ठरले ते एवढेच: या वर्षीच्या फेस्ताला पालखीला दोन्ही वाड्यांचे खांदे असतील, ओपाचा प्रश्न पुढील वर्षी. फेस्त डिसेंबरात आहे. आम्हांस निमंत्रण आले आहे, आणि आम्ही जाणार आहोत.